रीटकांपचं शून्य

२ मे, शनिवार

आले बाई एकदाची! खोकी अजून दिवाणखान्यातच पडली आहेत, कॉफीचं यंत्र सापडलं पण गाळायचे कागद सापडत नाहीत, आणि तरीही मी इतकी खूश आहे की एकटीच मोठ्यांदा गाणं म्हणतेय. समोरच्या मोठ्या खिडकीपाशी बसून हे लिहितेय. पडदे लावायचेच नाहीत. रीटकांपमध्ये कुणाच्याच खिडकीला पडदा नाही, रस्त्यावरून चालताना प्रत्येकाच्या ताटातले बटाटे मोजता येतात.

लोक घर घेताना स्वयंपाकघर बघतात, बाग बघतात. मी तक्ता पाहिला. महापालिकेत गुन्ह्यांचे तक्ते करण्यात अकरा वर्षं घालवली, त्याचा स्वतःसाठी एवढा तरी उपयोग करायला नको? दोनशे बारा घरं, सहा वर्षं, नोंदलेले गुन्हे शून्य. घरफोडी शून्य, मारहाण शून्य, सायकलचोरीसुद्धा शून्य! या देशात सायकल चोरीला जात नाही अशी वस्ती असू शकते यावर आधी माझा विश्वासच बसेना. पाचाच्या आतला आकडा असला तर आम्ही छापताना शून्यच छापतो, छोट्या वस्तीत कोण ते लगेच ओळखू येऊ नये म्हणून. हा नियम माझाच, मीच सुचवलेला. म्हणून आतली मूळ नोंदवही उघडून पाहिली. तिथेही शून्य. खरंखुरं.

रॉटरडॅमच्या घराच्या जिन्यात दोघा लुटारूंनी माझ्या गालाचं हाड मोडलं त्याला आता तीन वर्षं झाली. अजून थंडीत ठणकतं. आज दुपारभर दार उघडं टाकून सामान आत घेतलं आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

शेजारचा गेर्लोफ न बोलावता आला आणि सोफ्याचं एक टोक धरलं. पन्नाशीचा, लालबुंद, सतत हसणारा माणूस. उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. माझी नजर गेलेली पाहून म्हणाला की दोन सायकलला देऊन टाकली, फार मागे लागली होती. पुढच्या रविवारी साडेदहाला आलाइडबाईंकडे कॉफीला यायचंच असं बजावून गेला.

१० मे, रविवार

आलाइडबाई सत्तरीच्या, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, पाठ अजून काठीसारखी. वीसेक लोक गोल करून बसले होते. प्रत्येकाला एक बिस्किट, आणि डबा बंद. बाईंनी मला मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या की अगं, तू ती आकड्यांची ना, म्हणजे आमचं शून्य तूच छापतेस! सगळे हसले. पोलीस शिपाई सीत्से चार नंबरमध्ये राहतो, तोही होता. म्हणाला की रीटकांपमध्ये त्याला काम एकच, बिस्किटं खाणं.

माझा वाढदिवस विचारून बाईंनी लगेच वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहिला. ते सगळ्यांच्या घरी असतं तसं संडासातच टांगलंय. मी नंतर आत बसून चाळलं. नावांबरोबर काही तारखांवर निळ्या शाईनं इवल्याशा सायकली काढल्या आहेत, शेजारी एकेक अक्षर. सहली असतील. मलाही नेतील कधीतरी.

नऊ नंबरच्या बाईलाही एक अंगठा नाही. तीही सायकलवरून पडली म्हणे.

४ जून, गुरुवार

आज आलाइडबाईंना वीबेबद्दल सांगून टाकलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. माझा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, दुकानं फोडल्याबद्दल दोन वर्षं आत आहे, २६ जूनला सुटतोय, त्याला जायला दुसरी जागा नाही. मला वाटलं आता चेहरा पडणार. उलट बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आण त्याला, इथे माणूस सुधारतो. मला रडूच आलं.

आईच्या मागे त्याला मीच वाढवलं. तो बिघडला तर ते माझंच अपयश असं मला नेहमी वाटत आलंय. या वेळी बिघडू द्यायचा नाही.

२७ जून, शनिवार

वीबे आला. वाळलाय, पण जीभ तशीच आहे. घर पाहून म्हणाला की वा आकडेबाई, तुरुंगाला निदान दार होतं, तू मला काचेच्या बरणीत ठेवणार! रात्रभर नीट झोपला नाही. सकाळी उठून पाहते तर त्यानं समोरच्या खिडकीला चादर लावलेली. तिथे चोवीस तास झरोक्यातून कुणीतरी बघायचं, आता पुरे, म्हणाला.

दुपारी बाराच्या आत आलाइडबाई दारात. घरात कुणी आजारी आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर चादरीकडे बघत उभ्या राहिल्या. मी चादर काढली. बाई हसल्या, वीबेच्या गालावर थोपटलं आणि गेल्या.

त्याला सोमवारपासून टोमॅटोच्या काचघरात काम मिळालंय. संध्याकाळी जागा बघून आला तेव्हा त्याच्या अंगाला टोमॅटोच्या पानांचा वास येत होता. खूप वर्षांनी घरात कुणीतरी शिट्टी वाजवतंय.

१९ ऑगस्ट, बुधवार

मेला कार्टा! काल वीबेला तिसऱ्यांदा कामाला उशीर होणार होता, बस गेलेली, गेर्लोफच्या दाराशी त्याची काळी सायकल बिनकुलपाची उभी. इथे कुलूप कुणीच लावत नाही. यानं घेतली, स्टेशनबाहेर उभी केली, गाडी पकडली. परत येईपर्यंत सायकल गायब. बिनकुलपाची सायकल स्टेशनबाहेर! चर्चच्या दारात सोडली असती तरी गेली असती.

त्यानं मला लगेच सांगितलं. मी म्हटलं, चोरली नाहीस, उचलून नेलीस, जा आणि गेर्लोफला खरं काय ते सांग. खरं सांगितलं की विषय संपतो. मीच त्याला दारापर्यंत ढकलत नेलं.

गेर्लोफनं ऐकून घेतलं. ओरडला नाही. डोळे भरून आले त्याचे. मी नवी सायकल घेऊन देते म्हटलं तर मान हलवली, सायकलचं काय, सायकल मिळते. मग वीबेला विचारलं की कुठल्या हातानं उचललीस. वीबेला गंमत वाटली, त्यानं उजवा हात वर केला.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

गेर्लोफला म्हटलं, रीतसर तक्रार तरी कर, विम्याचे पैसे मिळतील. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटात थुंकले.

ते डोक्यातून जाईना. कचेरीत बसून गुन्ह्यांऐवजी इस्पितळाचा तक्ता काढला. सायकलवरून पडून जखमी. रीटकांप, सहा वर्षांत एकसष्ट. शेजारच्या तेवढ्याच वस्तीत आठ.

बाकीच्या जगात माणूस पडला की गुडघा फोडतो, डोकं फोडतो, दात पाडतो. रीटकांपचे लोक फक्त हातावर पडतात. बोटं, अंगठा, मनगट. अठ्ठावन्न वेळा हात. उरलेले तीन मेलेले, एकाच दिवशी, कालव्यात.

तक्ता घडी घालून खिशात ठेवलाय.

२३ ऑगस्ट, रविवार

कॉफीला गेले. तक्ता घेऊन संडासात बसले आणि कॅलेंडर काढलं. एकेक पान तक्त्याशी लावून पाहिलं. यंदाच्या अकरा तारखा तक्त्यात, अकरा सायकली भिंतीवर. सगळे रविवार.

३० ऑगस्टवर बारावी सायकल आहे. अजून शाई नाही, पेन्सिलनं काढली आहे. शेजारी व.

बाहेर आले तर वीसही जण माझ्याकडे बघत होते. आलाइडबाईंनी मला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, शाळेत कवायतीचे नियम सांगावेत तसं. सायकल उलटी करून सीटवर उभी करायची, पंक्चर काढताना करतात तशी. ज्या हातानं केलं तो हात मागच्या चाकात. पायडल घरच्या माणसानंच फिरवायचं, म्हणजे राग मर्यादेत राहतो. एकदा झालं की झालं, नंतर कुणी त्या गोष्टीचं नाव काढत नाही, त्या माणसाला परत पोटाशी धरतात. डॉक्टरनं विचारलं तर सायकल म्हणायचं. आम्ही खोटं बोलत नाही, त्या म्हणाल्या, सायकलच असते.

आणि पळाला तर? मी विचारलं. तर घरात मागे राहिलेल्याचा हात. दोघं पळालो तर? सतरा नंबरवाले तिघं मिळून पळाले होते, गेर्लोफ म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

सीत्से बिस्किट खात होता.

२६ ऑगस्ट, बुधवार

माझी गाडी सामानानं भरली होती. वीबे बसेना. मी त्याला ओढलं, शिव्या दिल्या, पाया पडले. तो म्हणाला की आकडेबाई, मी गेलो तर तुझा हात घेतील, आणि दोघं गेलो तर कालवा. मग म्हणाला की दोन वर्षं आत बसलो तरी बाहेर आल्यावर सगळे चोरच म्हणतात, इथे एका मिनिटात सुटका आहे, मला ती हवी आहे. आणि पायडल तूच फिरव. दुसऱ्या कुणाच्या हातून नको.

बाहेर लोक बागेला पाणी घालत होते. सगळ्यांच्या खिडक्या स्वच्छ पुसलेल्या.

३० ऑगस्ट, रविवार

साडेदहाला. गेर्लोफच्या अंगणात. ऊन होतं. फरशीवर पाणी मारून ठेवलेलं, नंतर धुवायला सोपं जावं म्हणून.

वीबेला दोघांनी धरलं. तो मला म्हणाला की पटकन कर. मी पायडल धरलं. मला वाटलं होतं जड जाईल. गेलं नाही. सुरुवातीला तर काहीच लागलं नाही, चाक नुसतं फिरायला लागलं, मग त्यांनी हात आत घातला.

आवाज — कोंबडीचा सांधा मोडतो तसा, पण थांबत नाही. स्पोक एकेक करून बोटांत शिरले आणि फ्रेमपाशी कापत गेले. अंगठा माझ्या बुटावर पडला. रक्त चाकावरून उडून माझ्या तोंडावर आलं, गरम. वीबे ओरडत नव्हता, गुरासारखा हंबरत होता. आलाइडबाई म्हणाल्या, पुरे.

मी थांबले नाही.

हे मी कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. राग होता. त्याच्यासाठी घालवलेली सगळी वर्षं, आईच्या शेवटच्या दिवशी तो पोलीस कोठडीत होता ते, या घराची माझी शांती मोडली ते — सगळं हातात उतरलं होतं. आणखी दोन फेरे. तीन. गेर्लोफनं माझी मनगटं धरून सोडवली.

मग सगळ्यांनी वीबेला मिठी मारली. मलाही.

१ सप्टेंबर, मंगळवार

अंगठा आणि तीन बोटं गेली. करंगळी आहे पण हलत नाही. डॉक्टरनं विचारलं, मी सायकल म्हटलं.

घरी येऊन कागद घेतला आणि शहरातल्या मुख्य ठाण्याच्या नावानं तक्रार लिहिली. सगळ्यांची नावं. पायडल फिरवणारी म्हणून सर्वांत वर माझं. उजव्या हातानं, स्वच्छ अक्षरात. टपालपेटीत टाकली. वीबेला सांगितलं नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

नोंद झाली. आतल्या वहीत रीटकांपपुढे एक. मी पाच मिनिटं त्या एकाकडे बघत बसले.

दुपारी नवा तक्ता छापायला माझ्याकडेच आला. पाचाच्या आत म्हणून शून्य. माझाच नियम. माझीच सही.

चौकशी कुणाकडे सोपवली ते कागदावर होतं. त्या भागाचा शिपाई. सीत्से.

९ सप्टेंबर, बुधवार

वीबे आता रोज गेर्लोफकडे असतो. डाव्या हातानं गुंड्या लावायला शिकतोय. लोक त्याला सूप आणून देतात, नावानं हाक मारतात. आज तो हसत होता.

आलाइडबाई आल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या दिसल्या. मी म्हटलं, शून्यच छापलंय, तुमचं काय बिघडलं? त्या म्हणाल्या की अगं, छापलेल्याचं काय घेऊन बसलीस, आमचं शून्य खरं होतं. आता ते खोटं आहे, आणि ते तुला नि मला दोघींना माहीत आहे.

जाताना विचारलं, कुठल्या हातानं लिहिलंस.

११ सप्टेंबर, शुक्रवार

वीबेला कळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला की माझं फिटलं होतं, आकडेबाई. आयुष्यात पहिल्यांदा फिटलं होतं. तू परत उकरून काढलंस.

आणि मग हळूच — की तू थांबली नाहीस, ते मला माहीत आहे. बाई पुरे म्हणाल्या ते मी ऐकलं होतं.

गाडीची किल्ली टेबलावर आहे. जाऊ शकते. गेले तर मागे तो राहतो. त्याचा तो एकच हात उरलाय.

१२ सप्टेंबर, शनिवार

आलाइडबाईंकडे जाऊन कॅलेंडर पाहून आले. त्यांनी अडवलं नाही. उद्या. पेन्सिलची सायकल, शेजारी माझंच अक्षर. य.

खिडकीला चादर लावली. काढायला कुणी आलं नाही. फटीतून पाहिलं — समोर फुटपाथवर सगळे उभे. नुसते बघत.

१३ सप्टेंबर, रविवार

हे डाव्या हातानं लिहितेय. सवय करायला हवी. अक्षर लहान मुलासारखं येतंय.

गेर्लोफच्या अंगणात पाणी मारतायत. आवाज येतो.

घरच्या माणसानंच फिरवायचं. घरचं माणूस एकच —

दार. वीबेकडे किल्ली आहे, मीच करून दिली होती. जिन्यात पावलं. शिट्टी वाजवतोय —

आत आलाय. शेजारी बसलाय. हे लिहिताना बघतोय. म्हणतो की घाबरू नकोस, मी सावकाश फिरवेन, बाई पुरे म्हणाल्या की थांबेन.

त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो खोटं बोलतोय. मीही मनात हेच म्हटलं होतं, पायडल धरायच्या आधी. वीबे, मी तेव्हा —